घराभोवतीचं तण आणि पडवीतला कॅन : थोडा इतिहास



श्रावण लागला की एकच प्रश्न चार-चार जण विचारतात. "घराभोवती गवत मातलंय, काय मारू?" शेतातल्या तणाबद्दल मी नेहमी लिहितो, आज घराभोवतीच्या तणाबद्दल. पण औषधाचं नाव आणि पंपाला किती मिली, एवढ्यावर आज भागणार नाही. ही औषधं आपल्या पडवीपर्यंत कशी आली, वाटेत कुठं कुठं माणसं दगावली आणि त्यातून कायदे कसे झाले, हे एकदा कळलं की कॅन कुठं ठेवायचा आणि मुळात आणायचा का, हे ठरवणं सोपं जातं. म्हणून जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

औषधाच्या आधी

आमच्याकडं कृष्णाकाठाला भांगलण म्हणतात, मराठवाड्यात खुरपणी, विदर्भ-खानदेशात निंदणी, कोकणात बेणणी. एकाच कामाला चार नावं. आणि चारी ठिकाणी हे काम बायकांचं. "तण खाई धन" ही म्हण पुरुषांच्या तोंडी, खुरपं मात्र बाईच्या हाती, असा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला.

घराभोवती मात्र भांगलण अशी कुणी करत नव्हतं. गरजच पडायची नाही. अंगण सारवलेलं असायचं, परड्यात जनावरं बांधलेली, कोंबड्या दिवसभर उकरत फिरायच्या आणि उरलंसुरलं शेळी खायची. जे उगवायचं त्यातलं निम्मं कामाचं होतं. तांदुळजा, घोळ, केना भाजीला. कोकणात पहिल्या पावसाचा टाकळा भाजीलाच. आघाडा आणि दुर्वा पूजेला. गंमत बघा, शेतात जिच्या नावानं आपण बोटं मोडतो ती हरळी आणि गणपतीला वाहतो ती दुर्वा, ही एकच वनस्पती. कुठं उगवली यावर तिचं तण व्हायचं की पत्री, हे ठरतं.

मग बदललं काय? माझ्या डोळ्यांसमोर बदललेलं सांगतो. जनावरं कमी झाली. गावातली घरं सोडून लोक मळ्यात वस्तीला आले, म्हणजे घराभोवती दहा गुंठे मोकळी जागा आली. सांडपाणी उघड्यावर सोडलं. बांधकामासाठी मुरूम आणला, त्याबरोबर कुठलं कुठलं बी आलं. घरातल्या बायका मजुरीला किंवा नोकरीला बाहेर पडल्या. घराभोवतीचं गवत मातलं ते या सगळ्यातून.

पुण्यात दिसलेलं गवत

घराभोवतीच्या तणाचा इतिहास गाजर गवताशिवाय पुरा होत नाही. भारतात या तणाकडं पहिल्यांदा ठळकपणे लक्ष गेलं ते आपल्याच पुण्यात, १९५५ साली. तिथून ते रेल्वेमार्ग, रस्ते, गावठाण, शाळेचं मैदान, सगळीकडं गेलं. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो आणि "अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आलं" असं सांगतो. मीही हेच ऐकत मोठा झालो.

पण तारखा लावून बघा. पीएल-४८० खालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातली नोंद त्याच्या आधीच्या वर्षीची. म्हणजे बी त्या कराराच्या गव्हातून आलं असेल, तर ते करार होण्याआधीच उगवलं म्हणायचं! अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता, १९५१ साली धान्य खरेदीसाठी अमेरिकेनं भारताला कर्ज दिलं होतं. त्यामुळं आयात धान्यातून बी आलं असण्याची शक्यता राहतेच, फक्त पीएल-४८० चं नाव घेऊन छातीठोक सांगता येत नाही.

हे गवत घराजवळ नकोच. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यानं कातडीला खाज, पुरळ, चट्टे उठतात आणि परागानं काहींना दम्यासारखा त्रास होतो. एक झाड हजारोंनी बी टाकतं. यावर देशानं काढलेला एक उपाय औषधाचा नव्हताच. मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८३ साली बंगळुरूला आणला, तपासण्या करून पुढं सोडला. पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी दिसली तर ती त्याचीच करामत. दुसरा उपाय टाकळ्याचा, म्हणजे तरोट्याचा. त्याची दाट वाढ गाजर गवताला वर येऊ देत नाही. रस्त्याच्या कडेला टाकळा माजलेला असेल तिथं गाजर गवत विरळ दिसतं, कुणीही बघून खात्री करावी.

तणाला विष, ही कल्पना कुठून आली

द्राक्षवाल्यांना ऐकून बरं वाटेल, पण रासायनिक तणनाशकाच्या गोष्टीत बोर्डो मिश्रण येतं. १८९६ च्या सुमाराला फ्रान्समध्ये बॉने नावाच्या द्राक्षबागायतदाराच्या लक्षात आलं की फवाऱ्याचं मोरचूद पडलं तिथं रानमोहरी जळाली, पण शेजारचं धान्य तगलं. म्हणजे एक झाड मरतं आणि दुसरं राहतं. इथून निवडक तणनाशकाचा विचार सुरू झाला.

त्यानंतरची पन्नास वर्षं घातक होती. सोडियम आर्सेनाईट, म्हणजे उघडउघड सोमलाचं विष, रेल्वेमार्गावर आणि मळ्यांवर ओतलं जाई. भारतातली नोंद झालेली पहिली रासायनिक तणनियंत्रणाची धडपडही याच औषधाची आहे. १९३७ साली पंजाबात रानकरडईवर सोडियम आर्सेनाईट वापरून बघितलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि अमेरिकेत वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांवर गुपचूप काम चाललं होतं. त्यातून २,४-डी आलं. १९४५ च्या आसपास ते अमेरिकेत बाजारात उतरलं आणि लगोलग भारतातही त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानाचं झाड वेडंवाकडं वाढून मरतं, गवतवर्गीय पीक तगतं. म्हणून ऊस, गहू, मका यांत ते चाललं. कपाशी आणि द्राक्षाला मात्र ते चुकूनही सोसत नाही. शेजारच्या उसातलं २,४-डी वाऱ्यानं आलं, किंवा न धुतलेल्या पंपात राहिलं, की कपाशीचं पान भेंडीसारखं होतं. परसातल्या टोमॅटोची, पपईची, चवळीची पानं दोरीसारखी वळलेली दिसली तर रोगाआधी शेजाऱ्याच्या पंपाची चौकशी करा.

याच औषधाची दुसरी गोष्ट व्हिएतनामची. २,४-डी आणि २,४,५-टी मिसळून केलेलं एजंट ऑरेंज अमेरिकेनं तिथल्या जंगलांवर विमानातून ओतलं. तणनाशकं तिथं १९६२ ते १९७१ या काळात फवारली गेली. त्यातल्या २,४,५-टी मध्ये बनवतानाच डायॉक्सिन नावाचं जहाल विष तयार होत होतं. माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट लावली ती त्या डायॉक्सिननं. बाटलीवर नाव एका द्रव्याचं असतं आणि आत त्यासोबत काय येतंय ते बनवण्याच्या दर्जावर ठरतं. बिलाशिवाय मिळणाऱ्या स्वस्त मालाबद्दल मी चिडून बोलतो त्याचं एक कारण हे.

१९५८ : पिठाची पोती आणि विषाचे डबे

आता जी घटना सांगतोय ती तणनाशकाची नाही, कीटकनाशकाची आहे. पण आपल्या घरातल्या कॅनवरचं लेबल ज्या कायद्यानं आलं, तो कायदा हिच्यातून झाला.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यात केरळात लोकांना अचानक उलट्या, घाम, झटके सुरू झाले. शंभरहून जास्त माणसं दगावली. शोध घेतल्यावर कळलं की गव्हाच्या पिठात पॅराथिऑन आहे. फॉलिडॉल नावानं ते तेव्हा विकलं जायचं. खाण्याचा माल आणि विषाचे डबे एकाच जहाजात, जवळजवळ रचून आणले होते. डबे गळले, पोत्यांत मुरलं, पुढं पीठ बेकरीत आणि घरात गेलं. कुणी कुणाला मारायला निघालं नव्हतं. माल रचणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, एवढंच झालं.

चौकशीसाठी आयोग नेमला तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा. अशा विषांवर कायद्याचा लगाम हवा हा विचार त्यानंतर जोर धरू लागला आणि १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. नियम आले १९७१ साली. नावात फक्त कीटकनाशक असलं तरी तणनाशकं आणि बुरशीनाशकं त्यातच येतात.

त्या नियमांत काय लिहिलंय ते आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलंय. विक्रेत्यानं कीटकनाशकांचा साठा इतर मालापासून वेगळ्या खोलीत, किंवा वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायचा. खाण्याच्या वस्तूला किंवा जनावरांच्या खाद्याला औषध लागेल अशी वाहतूक आणि साठवण करायची नाही. रिकामे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरायचे. प्रत्येक ओळीमागं १९५८ ची ती पोती दिसतात. आता आपल्या पडवीत बघा. पेंडीचं पोतं, त्याला टेकून कॅन, वर खुंटीला पंप, खाली कोंबड्यांचं खुराडं. जहाज लहान झालंय, रचना तीच आहे.

लेबलावरचा चौकटीतला रंगही याच नियमांतला. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पॅराक्वाट : दोन तासांत जळणारं गवत

इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या जेलॉट्स हिल इथल्या संशोधकांना १९५५ साली पॅराक्वाटचा तणनाशक गुण कळला. १९६२ साली ते ग्रामोक्झोन नावानं बाजारात आलं. हिरव्या पानाला लागलं आणि ऊन पडलं की काही तासांत पान करपतं. मुळाला धक्का लागत नाही, म्हणून हरळी, लव्हाळा पुन्हा फुटतो. मातीला लागलं की तिथंच घट्ट चिकटून निकामी होतं. शेतकऱ्याला हे सगळं सोयीचं. सकाळी मारा, संध्याकाळी गवत पिवळं. त्यामुळं घराभोवती "पटकन काहीतरी" मारायचं झालं की दुकानदार बहुतेक वेळा हेच पुढं करतो.

पण पोटात गेलं तर? थोडंसं गेलं तरी मूत्रपिंड आणि फुप्फुसं निकामी होतात आणि यावर आजही उतारा नाही. माणूस कधी कधी आठ-दहा दिवस शुद्धीवर राहून, बोलत-बोलत, श्वास कोंडून जातो. डॉक्टर हताश होतात. लेबलावरचा त्रिकोण मात्र पिवळा, लाल नव्हे. कारण वर सांगितलंच, रंग उंदराच्या हिशेबानं ठरतो. माणूस या औषधाला उंदरापेक्षा पुष्कळ नाजूक आहे.

१९६० च्या दशकातच परदेशांत चुकून झालेले मृत्यू वैद्यकीय मासिकांत यायला लागले. गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी. शेतावरच्या मोठ्या डब्यातलं थोडं औषध घरच्या बागेसाठी बिअरच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून आणलेलं. औषधाचा रंग तेव्हा गडद तपकिरी. बाटली फळीवर. तहानलेला माणूस किंवा पोर. त्यानंतर कंपनीनं औषधात निळा रंग, घाण वास आणि उलटी करवणारं द्रव्य घातलं. इंग्लंडमध्ये घरगुती बागेसाठी वेगळा, अगदी सौम्य, दाणेदार माल ठेवला आणि तीव्र द्रव माल शेतीपुरता राखला. म्हणजे घराला वेगळं, शेताला वेगळं. आमच्या तालुक्यात तरी असा भेद नाही. वीस एकराला जे औषध मिळतं तेच दहा फुटांच्या अंगणाला.

आणि बाटलीत ओतून देणं थांबलंय असं समजू नका. आमच्या भागातल्या एका दुकानात मोठ्या कॅनमधून कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुट्टं ओतून देताना मी गेल्या पावसाळ्यात उभ्या-उभ्या बघितलं. बाटलीला लेबल नाही, बिल नाही. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईकच मागतं, दादा." गिऱ्हाईक मागतं हे खरं. पण त्या बाटलीवर कुणाचं नाव, कुठला रंग, उलटीचं काय करायचं, यातलं काहीच उरत नाही. १९५८ पासून कमावलेलं सगळं त्या एका ओतण्यात सांडतं.

ग्लायफोसेट आणि आपला "बिनधास्त" समज

१९७० साली मोन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ यांनी ग्लायफोसेटचा तणनाशक गुण शोधला, १९७४ मध्ये ते राउंडअप नावानं आलं. पानातून मुळापर्यंत जातं, झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होऊ देत नाही, मग आठ-पंधरा दिवसांत झाड मुळासकट मरतं. ती यंत्रणा माणसात नाही, म्हणून "माणसाला काही होत नाही" असा समज पसरला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. अमेरिका-युरोपातल्या नियामक संस्थांनी तसा धोका मान्य केला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडं ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा, एवढ्यासाठीच होती. तरी ते उसाच्या सरीत, फळबागेत, बांधावर सगळीकडं गेलं. आमच्याच भागात काही प्रयोगशील शेतकऱ्यांनी "तण देई धन" असं म्हणीला उलटं करून, वाढलेलं तण औषधानं जागेवर मारून जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवायचे प्रयोग केले. मजुरी वाढली, भांगलणीला बाई मिळेना, तसा कॅन खुरप्याची जागा घेत गेला. ज्या हातांची मजुरी त्यानं घेतली त्या बायकांशी कुणी चर्चा केली नाही, हेही इतिहासात लिहून ठेवायला हवं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच व्हावा. त्यावर कंपन्या न्यायालयात गेल्या. तेव्हा घराभोवती मारायला ते घेण्याआधी सध्याचं लेबल वाचा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला विचारा. "सगळेच मारतात" हे लेबलावर छापलेलं नसतं.

पेटीचा प्रयोग

साठवणुकीबद्दल सगळे एकच सांगतात, कुलपात ठेवा. मीही सांगतो. पण कुलूप किती पुरतं याचा मोठा प्रयोग झालाय आणि त्याचा निकाल शेतकऱ्यांनी ऐकायला हवा.

श्रीलंकेत अनुराधापुरा जिल्ह्यातल्या १८० गावांमध्ये हा प्रयोग झाला. काही गावांत शेतकरी कुटुंबांना औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या, बाकीच्या गावांत दिल्या नाहीत. तीन वर्षं नोंदी ठेवल्या. २०१७ साली निकाल छापून आला. औषध पिऊन जीव द्यायचा प्रयत्न करण्याचं प्रमाण पेटी दिलेल्या गावांत कमी झालं, असं काही दिसलं नाही.

मग कशानं फरक पडला? त्याच श्रीलंकेत पॅराक्वाट आणि आणखी काही जहाल औषधं २००८ पासून टप्प्याटप्प्यानं बंद केली, तेव्हा औषधानं होणारे मृत्यू घटले. दक्षिण कोरियानं पॅराक्वाटची नोंदणी २०११ मध्ये रद्द केली आणि पुढच्या वर्षी विक्री थांबवली. तिथं औषधानं होणाऱ्या आत्महत्यांचं प्रमाण २०१३ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आलं. पिकाचं उत्पादन त्यामुळं कोसळलं नाही.

याचा अर्थ मला असा लागतो. रागाचा, खचण्याचा क्षण लहान असतो. किल्ली घरातल्याच माणसाकडं असते. त्या क्षणी घरात जहाल काही नसलं तर माणूस वाचतो आणि वाचलेला माणूस पुढं बहुतेक वेळा सावरतो. आपल्या महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. लहान पोराच्या आणि चुकीच्या बाटलीच्या बाबतीत कुलूप नक्की कामाचं. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत पहिला उपाय म्हणजे घरात साठाच नको.

तर मग घराभोवती काय करायचं

माझ्या वस्तीवर मी जे करतो ते लिहितो. तुमची जमीन, तुमचा पाऊस वेगळा, त्याप्रमाणं बदला.

गाजर गवत फुलावर यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो. सांडपाण्याला शोषखड्डा केला, घरामागचं निम्मं गवत तिथंच संपलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना उसाचं पाचट चार-पाच बोटं जाड टाकतो. उजेड मिळाला नाही की बारीक बी उगवत नाही. कुंपणाच्या कडेला ब्रश कटर, महिन्यातून एकदा. दुर्वांचा एक तुकडा मुद्दाम राखलाय.

मीठ-व्हिनेगर-साबणाचे व्हिडिओ फिरतात. कोवळं गवत त्यानं करपतं हे खरं, पण मीठ जमिनीत राहतं. क्षारपड जमिनीचं दुखणं काय असतं हे कृष्णाकाठाला वेगळं सांगायला नको. स्वतःच्या अंगणात ते विकत आणू नका.

लव्हाळ्याचं मान्य करतो. त्याच्या गाठी खोल असतात, खुरपलं की एकाच्या चार होतात. भिंतीच्या, टाकीच्या पायाशी लव्हाळा किंवा हरळी घुसली तर औषधाचा विचार होतो. तेव्हा हे पाळा:

लागेल तेवढंच, सगळ्यात लहान पॅक, बिलासह. परवानगी असलेलंच. विहीर, बोअर, पाण्याची टाकी, गोठा, खुराडं यांच्याजवळ अजिबात नाही. तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर रंगानं मोठी खूण. नोझलला हुड लावायचा. सकाळी वारा पडलेला असताना मारायचं. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, पायात बूट. पाणी गढूळ नको, ग्लायफोसेट मातीच्या कणाला चिकटून निकामी होतं. पोरं, शेळ्या, कोंबड्या त्या जागेवर दोन-चार दिवस फिरकू द्यायच्या नाहीत आणि तिथली भाजी, दुर्वा, आघाडा तोडायचा नाही. गौरी-गणपतीच्या आधी पत्री गोळा करायला गावातली पोरं कुणाच्याही बांधावर जातात, एवढं ध्यानात ठेवून फवारा.

उरलं तर? रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्यायचं, बाटलीला भोकं पाडायची. अर्धी उरली तर ती मूळ बाटलीतच, लेबलासह. राहत्या घरात नाही. वेगळ्या जागी, कुलपात, पोराच्या हाताच्या वर. पेंड, बियाणं, धान्य तिथं नको. तणनाशक आणि कीटकनाशकही एका फळीवर नको, घाईत बाटली बदलली तर पीकच जातं. बाटलीवर आणल्याची तारीख. पुढच्या हंगामाला लागेल म्हणून दोन-दोन वर्षं ठेवण्यात काटकसर नाही.

कुणाच्या पोटात गेलं, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलासकट डॉक्टरांकडं न्या. कुठलं औषध आहे हे कळण्यात गेलेला तास फार महाग पडतो. आणि घरात, शेजारात कुणी गप्प-गप्प असेल, खचलेलं वाटत असेल, तर त्याच्याशी बोला. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

शेवटी एक शब्द

आपण या सगळ्याला "औषध" म्हणतो. "औषध मारलं", "औषध आणलं", "औषध शिल्लक आहे". चार वर्षांच्या पोराला औषध म्हणजे खोकल्यावर आई चमच्यानं देते ते. त्याच शब्दाची बाटली पडवीत दिसली तर त्याला भीती कशाची वाटणार? आमच्या वस्तीवर आता त्याला "विष" म्हणतात. सुरुवातीला सगळे हसायचे. आता धाकटा पुतण्यासुद्धा पंप बघितला की लांबूनच सांगतो, "काका विष मारतायत, तिकडं जाऊ नका."

तुमच्या गावात लव्हाळ्याला, हरळीला, गाजर गवताला काय म्हणतात आणि औषधाविना कुठला उपाय चाललाय, तो जरूर कळवा. पुढच्या लेखात बांधावरच्या तणाबद्दल लिहीन.